जुना ओटा फोडण्यापूर्वी

मुंबई, मुंब्रा, भिवंडी काय किंवा कोकणातील महाड, चिपळूण, रत्नागिरी काय, तीस-चाळीस वर्षांपूर्वी बांधलेल्या बहुतेक घरांत स्वयंपाकाचा ओटा कडप्प्याचाच आढळतो. काळा दगड, पुढच्या बाजूला पाणी अडवणारी पट्टी, एका टोकाला भांडी घासायचे सिंक. त्या काळी घरात एक शेगडी आणि एक पाटा-वरवंटा एवढाच पसारा होता. आज त्याच ओट्यावर मिक्सर, पाण्याचा फिल्टर आणि कुठे कुठे मायक्रोवेव्हही येऊन बसला आहे. दगड पांढुरका पडला आहे, सांध्यांतून झुरळे ये-जा करतात आणि कांदा चिरायला हातभर मोकळी जागा उरलेली नाही. घरात रंगकाम निघाले किंवा लग्न ठरले की ओट्याचा प्रश्न हमखास पुढे येतो. ठेकेदाराला बोलावले तर तो ओट्यावर नजर टाकून एकच सल्ला देतो, "फोडून टाका, ग्रॅनाइटचा नवा करू."

हा सल्ला दर वेळी खोटा नसतो, पण दर वेळी खराही नसतो. ओटा फोडला की खर्च ओट्यापुरता राहत नाही. दगड भिंतीत खाच पाडून बसवलेला असतो. तो उचकटताना मागच्या टाइल्स फुटतात. मग त्या बदलायच्या. सिंक काढले की जुना गंजलेला पाइप हाती येतो, तोही बदलायचा. डेब्रिज खाली उतरवायची मजुरी वेगळी, गाडीचे भाडे वेगळे. शिवाय आठ-दहा दिवस चूल बंद. ज्या कुटुंबाची मिळकत महिन्याच्या महिन्याला संपते त्याने हा हिशेब आधी मांडावा, ओटा फोडून झाल्यावर नव्हे. आमचे सांगणे एवढेच की, दगडाची चमक जाणे आणि ओटा निकामी होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चमक गेली तर वरचा थर नवा करता येतो, जागा अपुरी असेल तर ओटा वाढवता येतो आणि यातले बरेचसे काम घरातल्या दोन माणसांना सुट्टीच्या दिवशी करता येते. काही कामे मात्र करू नयेत. तीही पुढे सांगितली आहेत.

आधी तपासणी

ओट्याखालचे डबे, सिलिंडर सगळे बाहेर काढावे आणि बॅटरी घेऊन खाली वाकून पाहावे. दगडाला आरपार गेलेली भेग खालूनच नीट दिसते. वरून दिसणारा ओरखडा आणि खालपर्यंत पोचलेली भेग यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. नंतर लाकडी मुठीने वरचा दगड सगळीकडे ठोकून पाहावा. जेथे दगड विटेच्या पायावर टेकला आहे तेथे भरीव आवाज यायला हवा. तेथेच पोकळ आवाज आला तर खालचा माल सुटला आहे असे समजावे. पायाच्या विटा ओल धरून भुगा होत असतील, उभी फरशी हाताने हलत असेल किंवा दगडाला आरपार भेग असेल, तर डागडुजीत पैसे घालवू नयेत. अशा वेळी ठेकेदाराचा सल्ला मानावा. पाय घट्ट आहेत, दगड अखंड आहे, फक्त तोंड काळवंडले आहे, असा ओटा मात्र फोडणे म्हणजे चांगल्या सागवानी दाराचा रंग उडाला म्हणून दार जाळण्यासारखे आहे.

दुसरी परीक्षा लिंबाची. पुष्कळ घरांत आपला दगड कोणता हेच ठाऊक नसते. एका कोपऱ्यात लिंबाच्या रसाचे दोन थेंब टाकून दहा मिनिटांनी पुसावेत. तेथे निस्तेज डाग उमटला तर तो चुनखडीच्या जातीचा दगड. आंध्र प्रदेशातील कडप्पा जिल्ह्याच्या नावाने ओळखला जाणारा हा दगड आणि राजस्थानातील कोटा, दोघेही चुनखडीचेच. संगमरवरही आम्लापुढे असाच हरतो. ग्रॅनाइटला लिंबाने काही होत नाही. आपल्या कडप्प्याची चमक कशाने गेली याचे उत्तरही यातच आहे. रोजचे लिंबू, चिंच, कोकम आणि त्यावर कडी म्हणून कोणीतरी हौसेने ओतलेले संडासाचे ॲसिड. ते ओतताच दगडावर फेस येतो आणि लोकांना वाटते मळ निघतो आहे. प्रत्यक्षात दगडच निघत असतो. ॲसिडची बाटली ओट्याच्या आसपास आणूच नये.

घासून नवा करणे

ज्यांना कमीत कमी खर्चात भागवायचे आहे त्यांनी आहे तोच कडप्पा घासावा. हार्डवेअरच्या दुकानात पाण्यात चालणारा काळा पॉलिश पेपर मिळतो. तो लाकडाच्या सपाट ठोकळ्याला गुंडाळायचा, दगडावर पाणी सोडत राहायचे आणि ८० नंबरापासून सुरुवात करून १२०, २२०, ४०० असे चढत जायचे. एका नंबरचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढचा नंबर हाती घेऊ नये, आणि नंबर बदलताना दगड धुऊन काढावा. नाहीतर जाड पेपरचा सुटलेला कण बारीक पेपरखाली येऊन नवा ओरखडा पाडतो. सहा फूट लांब, दोन फूट रुंद ओटा म्हणजे १२ चौरस फूट. दोघांनी आळीपाळीने हात चालवला तरी एक आख्खा दिवस जातो.

४०० नंबरवर थांबावे, असे आमचे मत आहे. तेथे दगड गुळगुळीत, काळसर आणि बिनचकाकीचा होतो. पुढे जाऊन आरशासारखी चमक आणता येते, पण पहिल्याच आठवड्यात लिंबाचा डाग त्यावर उठून दिसतो आणि गृहिणीला हळहळ वाटते. बिनचकाकीच्या दगडावर तोच डाग सहसा नजरेत भरत नाही. काही जण काळेपणा यावा म्हणून खोबरेल चोळतात. रंग गडद होतो हे खरे, पण धूळ चिकटते. आणि पुढेमागे या दगडावर टाइल किंवा ग्रॅनाइट बसवायचा विचार असेल तर तेल लावूच नये. तेलकट दगडाला कोणताही माल धरत नाही.

सांधे भरण्याचे काम घासण्याच्या आधी करावे. सांध्यातला जुना सिमेंट-मळ जुन्या हॅकसॉ पात्याने उकरावा, धुवावा आणि एक दिवस पूर्ण वाळू द्यावा. दोन नळ्यांत मिळणारा इपॉक्सी गोंद सारख्या मापाने घेऊन त्यात फरशीला वापरतात तो काळा रंग चिमूटभर मिसळावा आणि सांधा थोडा उंच भरावा. दुसऱ्या दिवशी तो दगडाबरोबर घासला की सपाट होतो. भिंत आणि ओटा यांच्यामधली फट मात्र इपॉक्सीने किंवा सिमेंटने भरू नये. तेथे दोन वेगळ्या वस्तू भेटतात आणि त्या आपापल्या परीने किंचित हलतात. कडक माल तडकतो. तेथे सिलिकॉनच हवे, आणि ते लावल्यावर २४ तास पाणी लागू देऊ नये.

वरून नवा थर

घासण्याने समाधान होत नसेल तर जुन्या दगडावरच नवा थर बसवता येतो. येथे बहुतेकांचे एका गोष्टीकडे दुर्लक्ष होते, ती म्हणजे उंची. ग्रॅनाइटची लादी साधारण १८ मिलिमीटर, म्हणजे गवंड्याच्या भाषेत सुमारे सहा सूत. खाली चिकटवण्याचा माल धरला तर ओटा जवळजवळ एक इंच वर येतो. टाइल ८ ते १० मिलिमीटरची असते, ती अर्ध्या इंचावर भागते. एक इंच म्हणजे काय मोठेसे, असे पुरुषांना वाटते. ज्या बाईला शेगडीवरच्या पातेल्यात रोज तास-दोन तास कालथा फिरवायचा आहे तिच्या खांद्याला विचारावे. कोपर काटकोनात वाकवून उभे राहिल्यावर ओटा कोपरापासून चार बोटे तरी खाली असावा, आणि शेगडीची स्वतःची उंची वेगळी धरावी. हे माप स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीच्या शरीराचे घ्यायचे, ठेकेदाराच्या नव्हे. त्याच वेळी खिडकीची झडप नव्या उंचीवर उघडते का, भिंतीतला नळ फार जवळ तर येत नाही ना, हेही पाहून घ्यावे. सिंकचा काठ दगडावर टेकलेला असेल तर ते आधी उचलावे लागते. काठावरून थर दिला तर कडेला पाणी साचून वास मारतो.

घरच्या माणसांनी हे काम करायचे असेल तर आम्ही टाइल सुचवू. मोठ्या आकाराची व्हिट्रिफाइड टाइल घ्यावी. दोन फूट बाय दोन फूट मापाच्या तीन टाइल्स सहा फुटी ओट्याला पुरतात आणि मध्ये दोनच सांधे येतात. पुढची उंच पट्टी आधी काढावी लागते. ओटा धुण्याच्या सोड्याने दोन-तीन वेळा धुवावा आणि वाळल्यावर पाणी शिंपडून पाहावे. पाण्याचे मणी झाले तर तेलकटपणा अजून आहे, पाणी पसरले तर दगड तयार आहे. मग जाड पेपरने किंवा छिन्नीच्या हलक्या टोल्यांनी पृष्ठभाग खरखरीत करावा.

चिकटवायला वाळू-सिमेंट वापरू नये. गुळगुळीत दगड पाणी शोषत नाही, त्यामुळे साध्या मालाला पकड मिळत नाही आणि सहा महिन्यांत टाइल टकटक वाजू लागते. तयार टाइल ॲडेसिव्ह घ्यावे. पिशवीवर आयएस १५४७७ हा मानकाचा क्रमांक असतो आणि त्याखाली प्रकार छापलेला असतो. जुन्या टाइलवर किंवा दगडावर नवी टाइल बसवण्यासाठी कोणता प्रकार लागतो ते दुकानदाराला विचारून, पिशवीवर वाचून मगच पैसे द्यावेत. माल दातेरी थापीने पसरावा आणि टाइलच्या पाठीलाही पातळ हात द्यावा, म्हणजे खाली पोकळी राहत नाही. पोकळ जागेवर वरवंटा पडला की टाइल गेलीच. सांधा दोन-तीन मिलिमीटर ठेवून इपॉक्सी ग्राउटने भरावा. पांढऱ्या सिमेंटचा सांधा हळदीने पहिल्याच दिवशी पिवळा होतो. इपॉक्सी महाग पडते हे मान्य. पण दोन सांध्यांना ते लागते तरी किती? ते कालवल्यावर लवकर घट्ट होते, म्हणून थोडे थोडे कालवावे. टाइलची पुढची कड नाजूक असते, भांडे आपटले की टवका उडतो. तेथे स्टीलची एल आकाराची पट्टी टाइलबरोबरच बसवून घ्यावी.

ग्रॅनाइटची गोष्ट वेगळी. १८ मिलिमीटरच्या ग्रॅनाइटचे वजन चौरस फुटाला सुमारे साडेचार किलो भरते. १२ चौरस फुटांची लादी म्हणजे ५० किलोंच्या वर. ती नेहमी काचेसारखी उभी धरून न्यायची असते. आडवी उचलली तर स्वतःच्याच वजनाने मधोमध मोडते, आणि सिंकचे भोक पाडलेली लादी तर हमखास. जिना अरुंद असेल तर हे काम मार्बलवाल्याच्या माणसांवरच सोपवावे.

वाढवताना पाय महत्त्वाचा

ओटा वाढवणे म्हणजे जुन्या दगडाला नवा दगड चिकटवणे, अशी समजूत आहे. ती धोक्याची आहे. गोंद दगडाला उचलून धरत नाही, पाय धरतो. वाढवलेल्या भागाला त्याचा स्वतःचा पाय हवा आणि जुन्या-नव्या दगडाचा सांधा बरोबर पायावरच यायला हवा. चार इंची विटेची भिंत बांधली तर दोन्ही दगडांना दोन-दोन इंच टेकू मिळतो. हे जमले की सांधा वर्षानुवर्षे उघडत नाही. अधांतरी सांधा मात्र कितीही भारी गोंद लावला तरी पहिल्या जड पातेल्याला उघडतो. दगडाचे टोक पायाच्या पुढे सहा इंचांहून अधिक लोंबकळत ठेवू नये.

विटांचा पाय बांधल्यास तो निदान सात दिवस पाणी मारून मुरू द्यावा. ज्यांना एवढी सवड नाही त्यांनी वेल्डरकडून चौकोनी लोखंडी पाइपची चौकट करून घ्यावी. तिला रेड ऑक्साइडचे दोन हात द्यावेत आणि पायाखाली कमी-जास्त करता येणारे बोल्ट ठेवावेत. कोकणात चिऱ्याच्या भिंती आहेत. त्यात भिंतीला ठोकलेल्या ब्रॅकेटवर दगडाचा भार टाकू नये, पाय जमिनीवरच घ्यावा. इमारतीच्या कॉलम-बीममध्ये तर खाच पाडायचीच नाही, मग ठेकेदार काहीही म्हणो.

नव्या पायाची उंची जुन्या ओट्याशी जुळवायला महागडे यंत्र लागत नाही. गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी पाण्याने भरून एक टोक जुन्या दगडाशी आणि दुसरे नव्या पायाशी धरावे. दोन्हीकडे पाणी एकाच पातळीला थांबते. नळीत हवेचा बुडबुडा राहू देऊ नये, नाहीतर माप फसवते. सिंकच्या दिशेला किंचित उतार ठेवावा, आणि दगडाच्या पुढच्या कडेखाली, काठापासून बोटभर आत, एक बारीक खोबण पाडून घ्यावी. सांडलेले पाणी त्या खोबणीशी थबकून खाली टपकते, कपाटाच्या दारांपर्यंत पोचत नाही. दुकानात हे पाच मिनिटांचे काम आहे, पण मागितल्याशिवाय कोणी करून देत नाही.

कोपऱ्यात वळणारा ओटा हवा असेल तर एकाच लादीतून एल आकार कापून घेऊ नये, आतल्या कोपऱ्यातून भेग जाते. दोन सरळ तुकडे घ्यावेत. आणि जुन्या कडप्प्याला नवा कडप्पा जोडला तर दोघांचा रंग जुळेल ही आशा सोडावी. दोन्ही एकत्र घासले तर फरक पुष्कळ कमी होतो, नाहीतर सरळ वेगळ्या रंगाचा दगड घ्यावा.

दगडाचा पाय उभारायलाही जागा नाही अशा खोलीत बिजागरीची फळी हा चांगला उपाय आहे. आयएस ७१० शिक्क्याचे मरीन प्लायवूड घ्यावे, वर सनमायका लावावा आणि चारही कडा बंद कराव्यात. चपात्या लाटून झाल्या की फळी खाली सोडायची. तिच्यावर मिक्सर कायमचा ठेवायचा नाही.

धूळ आणि गॅस

येथे दोन गोष्टी जिवाशी आहेत. दगड घरात ग्राइंडरने कोरडा कापू नये, आणि दुसऱ्यालाही कापू देऊ नये. ग्रॅनाइटमध्ये सिलिकाचे प्रमाण मोठे असते. त्याची डोळ्यांना न दिसणारी धूळ फुप्फुसात बसते आणि तिच्यापासून होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. राजस्थानात खाणींत आणि दगडकामात आयुष्य घालवलेल्या मजुरांची स्थिती इतकी बिकट झाली की तेथील सरकारला २०१९ मध्ये या रोगासाठी स्वतंत्र धोरण आणावे लागले. बाजारात क्वार्ट्झ नावाने जो तयार दगड मिळतो त्यात तर बहुतांश सिलिकाच असते. त्याच्या धुळीने तरुण कारागीर आजारी पडू लागल्यावर ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा दगडाचे उत्पादन, विक्री आणि बसवणे बंद केले. आपल्याकडे तोच दगड कापणारा मुलगा तोंडाला रुमाल बांधून बसलेला असतो. रुमालाने ही धूळ अडत नाही. सबब सगळी कापाकापी, सिंकचे आणि नळाचे भोकसुद्धा, मापे देऊन दुकानातच पाण्याखाली करून घ्यावी. घरी अर्धा इंच उडवायचाच झाला तर गॅलरीत, दुसऱ्या माणसाने पाण्याची धार धरून, एन-९५ मास्क लावून, आणि विजेच्या बोर्डाला गळती ओळखून प्रवाह तोडणारा स्विच असेल तरच. पाणी आणि वीज एकत्र आणण्याचे धाडस त्याच्याविना नको.

दुसरी गोष्ट गॅसची. काम सुरू करण्यापूर्वी रेग्युलेटर काढून सिलिंडर खोलीबाहेर ठेवावा. पाइपचा गॅस असेल तर पाइप स्वतः हलवू नये, कंपनीच्या माणसालाच बोलवावे. ओटा वाढवला की खाली कपाट करण्याचा मोह होतो आणि सिलिंडर त्यात बंद केला जातो. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून कपाटाच्या दाराला अगदी तळाशी जाळी हवीच. वर जाळी ठेवून उपयोग नाही.

बाजारात जाताना

ग्रॅनाइट चौरस फुटावर विकले जाते, कडेचे मोल्डिंग धावत्या फुटावर आणि भोके नगावर. भाव ऐकताना हे तिन्ही, वाहतूक, जिना चढवण्याची मजुरी आणि जीएसटी धरून एकूण आकडा कागदावर लिहून घ्यावा. तोंडी भावात यातले निम्मे नंतर निघते. जाडी स्वतः पट्टीने मोजावी; १८ म्हणून १५ मिलिमीटरची लादी माथी मारली जाते. लादी ओली करून पाहावी, पाण्याने केसासारखी भेग लगेच दिसते. दोन तुकडे लागणार असतील तर एकाच लॉटमधले मागावेत. रमजानच्या किंवा लग्नसराईच्या तोंडावर काम काढू नये. त्या दिवसांत गवंडी भाव वाढवतो आणि घाईही करतो. ओटा दोन भागांत हाती घ्यावा, अर्ध्यावर शेगडी चालू आणि अर्ध्यावर काम, म्हणजे बाहेरच्या जेवणाचा खर्च वाचतो.

सिंकसाठी कापून काढलेल्या तुकड्याचे पैसे आपण चौरस फुटाने दिलेले असतात, तरी तो दुकानातच राहतो आणि दुसऱ्याला विकला जातो. तो मागून घ्यावा. २० बाय १६ इंचांचा तुकडा दहा किलोंचा असतो. कडा घासून घेतल्या तर चपात्या लाटायला किंवा पाण्याच्या पिंपाखाली ठेवायला कामी येतो.